पुंडलिक वायरमन परराज्यात जातो

आमचा पुंडलिक वायरमन कुठल्याही वस्तूला आधी उलटा हात लावत असे. चहाचा पेला असो, दाराची कडी असो की देवळातली घंटा, आधी हाताची मागची बाजू टेकवायची, मग धरायचं. एकदा डेप्युटी कलेक्टर साहेबांनी हस्तांदोलनाला हात पुढे केला, तर या पठ्ठ्याने त्यांनाही उलटा हात लावून पाहिला. माझ्या मुलाच्या बारशाला आला, पोराच्या गालाला उलटा हात लावला आणि म्हणाला, "मास्तर, करंट चांगला हाय!"

विचारलं की सांगायचा, "उलट्या हाताले झटका बसला तं हात मागं येते. तळव्याले बसला तं मूठच आवळते. उस्तादानं शिकवलं."

हे उस्ताद म्हणजे बैतूलचे भैयालालजी. आईबापाविना पोराला त्यांनी घरी ठेवलं, जेवू घातलं, तारा ओढायला शिकवलं. पुढे एका फ्यूजवरून त्यांनी गिऱ्हाइकांसमोर याला झापलं. हा रागाने निघाला, तो थेट वर्ध्याला येऊन दुकान थाटून बसला. उस्तादांचा निरोप आला, "दरवाजे पे दिखा तो टांग तोड दूंगा!" तेव्हापासून उठता-बसता उस्तादांचं नाव, पण बैतूलचं तोंड पाहायला हा तयार नाही. पोटचं लेकरू नसलेला म्हातारा तिकडे आणि सोयरं-धायरं नसलेला हा इकडे. मी एकदा वैतागून म्हटलं, "अरे, जाऊन पाया पड ना!"

"कारन पाह्यजे ना, मास्तर. बिनाकारन कोन कोनाच्या दारात जाते?"

छप्पन साली आमचा जिल्हा मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला, बैतूल तिकडेच राहिलं. आमचं कुणाचं काही बिघडलं नाही. पुंडलिकाने मात्र दुसऱ्या दिवशी दुकानाला कुलूप ठोकलं. कापसाच्या जिनिंगमधले दिवे गेले, मालकाचा माणूस धावत आला, तर हा ओट्यावर हाताची घडी घालून बसलेला.

"मायं लायसन मध्य प्रदेशचं. मुंबईच्या करंटले मी हात कसा लावू?"

"अरे बाबा, तारा त्याच आहेत!"

"तारा त्याच, पन राज दुसरं. मी हाललो नाई न् राज्यच हाललं. घरी बसल्या बसल्या परदेशी झालो, बापा!"

जिनिंगवाल्याने माझे पाय धरले. मी पुंडलिकाला बखोटीला धरून कचेरीत नेलं. तिथला कारकून भला माणूस. म्हणाला, "अर्ज करा, जुना परवाना जोडा, फी भरा. नवा येईल."

"न् उस्तादाची सही?"

"कोण उस्ताद? कसली सही? काही लागत नाही."

अर्ज देऊन बाहेर आलो. पुंडलिक म्हणाला, "आयकलं ना, मास्तर? उस्तादाची सही लागते म्हंते."

मी याच्या शेजारीच उभा होतो हो! कान माझेही शाबूत होते. सुनावायला तोंड उघडलं, पण त्याचा चेहरा पाहिला आणि शब्द गिळले. लग्न ठरल्यासारखा फुलला होता गडी. संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला कळलं की मुंबई सरकार बैतूलच्या उस्तादांच्या सहीसाठी अडून बसलंय.

रविवारी आम्ही बैतूलला. एकटा जायची हिंमत नव्हती, म्हणून मलाही ओढलं. दारापाशी पोचताच स्वतः माझ्या पाठीमागे. कडी मी वाजवली. पांढऱ्या मिशांचे भैयालालजी दारात आले आणि माझ्या खांद्यावरून बघतच राहिले.

पुंडलिक मागूनच ओरडला, "सरकारी काम है, उस्ताद! ऐसेही नहीं आया!"

"सरकारी है तो अंदर आ," उस्ताद गरजले. "ऐसेही आता तो टांग तोडता!"

सहीसाठी उस्तादांनी कोट चढवला, टोपी घातली, चष्मा पुसला. कोऱ्या कागदावर मोठ्या थाटात सही केली. मग "कितना दुबला हो गया रे" म्हणून ओरडले, भाकऱ्या वाढताना ओरडले आणि अर्थिंगच्या तारेवरून दोघांचं असं जुंपलं की शेजारी डोकावून गेले. पुंडलिक इतका खूश मी कधी पाहिला नव्हता.

निघताना तो टांगा आणायला गेला, तेव्हा उस्तादांनी मला बाजूला घेतलं.

"मास्टरजी, राजधानी बदली तो मेरा भी लायसन बदला. नागपुर का था. अब भोपाल का हुआ. उस्ताद की सही किसीने नहीं मांगी."

मी कसनुसा हसलो.

"उसको मत बताना," म्हातारा हळूच म्हणाला. "बोलना, सही अधूरी है. होली पे फिर आना पडेगा."

गाडीत बसल्यावर मी शक्य तेवढा गंभीर चेहरा करून निरोप दिला. "पुंडलिक, सही अपुरी आहे म्हणाले. होळीला परत जावं लागेल."

कुठेच न लागणारा तो कागद त्याने जपून खिशात ठेवला. मग खांद्यावरच्या दुपट्ट्याने डोळे पुसले आणि म्हणाला, "जा तं लागनच, मास्तर. सरकारी काम हाय."