नेमकं बिघडवणारे पास्कलकाका

पास्कलकाकांच्या शेडमध्ये शिरायचं तर आधी कपाळ पुढे करावं लागे. उलटा हात लावून ते म्हणत, "गरम हाय. दारातच निवत बस."

सातिवलीत भर मे महिन्यात थंड माणूस आणायचा कुठून? त्यात शेजारीच माझा प्लास्टिकच्या बादल्यांचा कारखाना. मी मशीनजवळूनच उठून यायचो.

काका मूळचे नंदाखालचे. बैलगाडीच्या चाकाएवढी काच घासून दुर्बिणीचा आरसा करत. "गोल खड्डा घासत राहिलं की आपोआप होतो," ते सांगत. "पन तारा एका ठिपक्यात आनायचा तर तो गोल नेमका बिघडवावा लागतो. मधे जरासा खोल. जरासा म्हंजे किती? केस त्याच्यापुढे ओंडका!" मग माझ्या वाकड्या बादल्यांकडे बघून, "तू पन बिघडवतोस रे बादलीवाल्या. पन नेमका नाय."

कमरेला पेजर लावलेले वेधशाळेचे साहेब आरसा तपासायला आले, त्या दिवशी मी ते सिद्धच केलं. आरसा पास झाला तर डोंगरावरच्या दुर्बिणीत बसणार. नापास झाला तर काकांची सगळी घासाई पाण्यात. काच एका टोकाला उभी केलेली. दुसऱ्या टोकाला बारीक दिवा आणि ब्लेड. पात्याच्या कडेशी डोळा लावला की काचेवरचा सूक्ष्म उंचवटाही सावलीसारखा उठून दिसे. मी मदत म्हणून शटर ओढलं, अंधारात अडखळलो आणि हात टेकला. काचेवर.

साहेब डोळा लावून ओरडलेच, "अहो, इथे पाच बोटांचा डोंगर आहे!"

आयुष्यात पहिल्यांदाच मी त्या शेडमध्ये गार पडलो.

"ऊब लागली की काच फुगते, साहेब," काका शांतपणे म्हणाले. "थांबा. मानूस उतरू द्या."

साहेब अधूनमधून डोळा लावून सांगत गेले. डोंगराची टेकडी झाली, टेकडीचा उंबरठा, मग काहीच नाही. साहेबांनी पुन्हा डोळा लावला, बराच वेळ. उठून त्यांनी काकांचे दोन्ही हात धरले. "पास्कल, हा आरसा आम्ही मिरवत नेणार!"

आरसा जणू मीच घासला होता अशा थाटात मी सातिवलीभर पेढे वाटले. उरलेले घेऊन परतलो तर काका ब्लेडशी एकटेच बसलेले.

"ये. हात ठेव."

"काका, परत?"

"चकाकीचा मुलामा चढवायच्या आधी काच धुवायचीच हाय. ठेव."

मी कपाळ पुढे केलं. त्यांनी ते बाजूला सारलं. मी काचेवर पंजा ठेवला, काढला. काकांनी डोळा लावला.

"दिसतो का?"

"दिसतो." मग म्हणाले, "इतकी वर्सं सगळ्यांना दारातच बसवलं. कोन कसा दिसतो, बघितलंच नाय."

मी पेढा पुढे केला. त्यांनी पात्यावरून डोळा काढला नाही.

"उतरला की परत ठेव."