तीन थर आणि एक कानटोपी

जून महिन्यातल्या भर दुपारी, मस्कतमधल्या अल् घुब्राच्या रस्त्यावर कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही अशा वेळी, आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये एक गृहस्थ लोकरीची कानटोपी घालून उभे असलेले दिसले, तर घाबरू नका. ते आमचे शेजारी पाटणकर. त्यांना ताप नाही आणि वेडही लागलेलं नाही. निदान पूर्ण नाही.

पाटणकर मूळचे गुहागरकडचे. एका सुपरमार्केटच्या गोदामात कोल्डरूमची यंत्रं सांभाळतात. अर्ध्या मस्कतचं मटण थंड ठेवणारा हा माणूस स्वतः मात्र वाघाला भ्यावं तसा थंडीला भितो. मॉलमध्ये जाताना स्वेटर, सिनेमाला मफलर, आमच्या घरी जेवायला आले तर पहिला घास घेण्याआधी एसीचा झोत दुसरीकडे. आम्ही हसलो की म्हणणार, "हसा. वारा विचारून येत नाही." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की आमच्या घरात आता फ्रिज उघडला तरी कोणीतरी ते म्हणतं.

यंदा मात्र त्यांच्या भीतीला खरंखुरं काम मिळालं. त्यांची मुलगी मुक्ता कॅनडात समुद्रकाठच्या एका गावात नोकरी करते. मुक्ता इथेच जन्मली, इथल्याच शाळेत शिकली. आई गेली तेव्हा ती दहावीत होती. तिचा एक दिवस फोन आला, "बाबा, तू ऑगस्टमध्ये ये. आपण बोटमधून व्हेल बघायला जाऊ. पण सी खूप कोल्ड असतो हां."

झालं! पाटणकरांनी कंबर कसली. महिनाभर त्यांनी मोबाइलवर बोटीवरच्या थंडीचा असा अभ्यास केला, की तेवढा आम्ही दहावीला केला असता तर आज इथे दुसऱ्याची हिशेबाची पुस्तकं तपासत बसलो नसतो. संध्याकाळी मला पकडून त्यांचं व्याख्यान सुरू. "सावंत, थर महत्त्वाचे. तीन थर! अंगाला चिकटून लोकर, मग जाड स्वेटर, वरून वारा अडवणारं जाकीट. सुती बनियन अजिबात नाही. कापूस दगा देतो. एकदा भिजला की वाळत नाही आणि अंगातली ऊब शोषून घेतो. जीन्सचंही तेच. खलास!"

नुसतं वाचून त्यांचं समाधान होईना. एका शुक्रवारी ते मला रंगीत तालमीसाठी गोदामात घेऊन गेले. तिथले स्टोअरकीपर युसुफभाई, रत्नागिरीचे. त्यांनी कपाळाला हात लावून कोल्डरूमचं दार उघडलं. आत लटकलेल्या बोकडांच्या रांगेत पाटणकर तीन थर लावून उभे राहिले. पुढ्यात टेबलफॅन लावला आणि माझ्या हातात पाण्याचा फवारा दिला.

"मारा तोंडावर! लाट समजा!"

मी लाट झालो. पाटणकर एका प्लास्टिकच्या खोक्यावर चढून बोट हलल्यासारखे डुलायला लागले. मी नुसत्या शर्टात. माझे दात वाजायला लागले, तेव्हा युसुफभाई दारातून ओरडले, "अहो पाटणकर, बाहेर या आता! त्या बोकडांनाही हुडहुडी भरली!"

बाहेर आल्यावर त्यांनी मला थर्मासमधला आल्याचा चहा पाजला. बॅगही उघडून दाखवली. लोकरीचे मोजे, हातमोजे, न घसरणारे रबरी तळव्यांचे बूट, प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलेला कोरड्या कपड्यांचा जोड, बोट लागू नये म्हणून गोळ्या, गोळ्यांवर विश्वास नसल्यामुळे आलेपाक. सगळं दुहेरी, एक स्वतःसाठी आणि एक मुक्तासाठी. फक्त कानटोपी एकच होती. हनुवटीखाली नाडी बांधायची, वहिनींनी विणलेली.

"अहो, ती तिथेच राहते. तिच्याकडे नसेल का हे सगळं?" मी म्हणालो.

पाटणकर थर्मासचं झाकण पुसत बसले. मग म्हणाले, "असेल हो. तेच तर. सगळं आहे तिच्याकडे. शाळेत असताना सकाळी स्वेटरची बटणं मी लावून द्यायचो, तेव्हा बरं होतं. आता तिच्या घरी मी नुसता पाहुणा. बाप म्हणून काहीतरी कामाचं घेऊन जायला नको?"

मला उगाचच फवाऱ्यात पाणी भरावंसं वाटलं.

ऑगस्टमध्ये ते गेले. परत आले तेव्हा मी विमानतळावर घ्यायला गेलो होतो. दार उघडलं की अंगावर भट्टीची झळ येत होती, आणि त्या झळेत आमचे पाटणकर कानटोपी घालून, नाडी बांधून, ट्रॉली ढकलत बाहेर आले. लोक वळून बघत होते.

"झाली का बोट?" मी बॅग उचलत विचारलं. ती भलतीच हलकी लागली.

"कसली बोट! तयारी सगळी पाण्यात गेली. अहो, तिथे बोटवालेच गळ्यापासून पायापर्यंत लाल सूट देतात. वाऱ्याचा बाप आला तरी आत शिरणार नाही. माझे थर बॅगेतच."

मला फार वाईट वाटलं. "निदान देवमासा तरी?"

"शेपूट दिसलं म्हणतात. मी बघितलं नाही." त्यांनी घाम पुसला. "बोट मध्यावर गेली आणि वारा सुटला. मुक्ता म्हणाली, बाबा, कानटोपी कुठेय? मला वाटलं तिला हवीय. लगेच खिशातून काढून दिली. तर तिनं ती माझ्याच डोक्यात घातली. नाडी बांधली. आणि मला म्हणते कशी, बाबा, वारा विचारून येत नाही."

मुक्ताचं मराठी तसं अडखळतच चालतं. पण हे वाक्य तिनं न अडखळता म्हटलं, असं त्यांनी मला दोनदा सांगितलं. मोजे, हातमोजे, आलेपाक, सगळं तिनं ठेवून घेतलं होतं.

"काल निघतानाही तिनंच बांधली. म्हणाली, विमानात एसी असतो. सिक्युरिटीवाल्यानं काढायला लावली, तर मी तशीच डोक्यावरून ओढून काढली. नाडी नाही सोडली."

आम्ही गाडीत बसलो. त्यांच्या कानशिलांवरून घामाच्या धारा लागल्या होत्या.

"पाटणकर, आता तरी काढा ती. मस्कत आलं."

"राहू दे हो जरा," ते म्हणाले. "गाठ तिनं मारलीय."

मी गाडीतला एसी फुल्ल केला आणि झोत त्यांच्याकडे वळवला. या वेळी त्यांनी तो हलवला नाही.