अप्पर हटची उभी सभा

नात आपल्याशी मराठीत बोलत नाही, एवढ्या एका कारणासाठी मोरेश्वरांना न्यूझीलंड सरकारकडून शाळा हवी होती. आजोबांनी विचारावं, "पोहे आवडले का गं?" आणि आठ वर्षांच्या सिद्धीनं इंग्रजीत म्हणावं, "या, हीप्स," म्हणजे हो, खूप. समजायचं तिला सगळं. सरकारी पैशानं चालणाऱ्या, पण गणितापासून खो-खोपर्यंत सगळं मराठीतून शिकवणाऱ्या चार्टर स्कूलसाठी अर्ज करता येतो, हे कळल्यापासून पुण्याच्या या निवृत्त मुख्याध्यापकांची दुपारची झोपसुद्धा उडाली होती.

सून विभावरी विरोधात होती. "तिच्या मैत्रिणी आहेत इथल्या शाळेत, बाबा. तुमच्याशी गप्पा माराव्यात म्हणून तिला तिथून उचलायची का?"

शेवटी रविवारी भाड्याच्या हॉलमध्ये वेलिंग्टनजवळच्या अप्पर हटमधल्या मराठी मंडळींची सभा भरली. अध्यक्षस्थानी बसताच मोरेश्वरांनी नियम सांगितला, "चर्चा मराठीत. इंग्रजी शब्द आला, की सभा संपेपर्यंत उभं राहायचं. आमच्या वर्गात हेच होतं."

"बाबा, हे जरा एक्स्ट्रीम होतंय," त्यांचा मुलगा क्षितिज म्हणाला, आणि शिक्षेची सुरुवात अध्यक्षांच्या घरातूनच झाली.

शाळेचा कट्टर समर्थक धैर्यशील "माझा पॉइंट एवढाच" म्हणत बोलायला उठला, तो परत बसलाच नाही. मृदुलानं आधी खात्री करून घेतली, "काका, टेबल चालेल?"

"टेबल आपलंच आहे."

"आणि फंडिंग?"

"उभी राहा."

चहा येईपर्यंत शाळा हवी असणारे सगळे उभे होते. बसले होते ते अध्यक्ष, तोंडात चकली असल्यामुळे निर्दोष राहिलेली सिद्धी आणि विभावरी. "घरी कुणी मुलांशी निवांत बोलत नाही," विभावरी सांगत होती, "आणि सरकारनं मात्र बोलावं, अशी आपली अपेक्षा." विरोधकांचं मराठी इतकं स्वच्छ असावं, याचंच मोरेश्वरांना जास्त वाईट वाटलं.

तेवढ्यात आरोहाबाई आल्या. त्या जवळच माओरी माध्यमाची शाळा चालवायच्या. त्यांना सल्ल्यासाठी बोलावलं होतं. रेल्वे बंद, तिच्याऐवजी बस, त्यामुळे उशीर झालेला. दारातून पाहतात तर सगळी सभा हाताची घडी घालून उभी. आपल्या मानासाठीच उभे आहेत, असं वाटून बाईंना भरून आलं. "किया ओरा," असा माओरी नमस्कार करून त्या इंग्रजीत बोलू लागल्या. पाहुण्यांना नियम लागू नव्हता. शाळेत स्वतःची भाषा बोलल्याबद्दल त्यांच्या आजीला छड्या बसल्या होत्या, असं त्या म्हणाल्या. मोरेश्वरांनी समोरच्या उभ्या माणसांकडे एकदा पाहिलं आणि मग चहाच्या कपात पाहिलं.

बोलणं संपवून बाई हसतमुखानं थांबल्या. थांबूनच राहिल्या.

"बाई गाण्यासाठी थांबल्यात," क्षितिज कुजबुजला. "भाषण झालं की पाठीशी उभ्या राहिलेल्यांनी गायचं, अशी पद्धत आहे यांच्यात. आपण उभे आहोत ना."

"शिक्षा म्हणून उभे आहोत," धैर्यशील म्हणाला.

"ते आता तू सांग त्यांना."

सगळ्यांना शेवटपर्यंत येणारं गाणं काही निघेना. तेव्हा मागून कुणीतरी सुरू केलं, "बे एके बे."

"बे दुणे चार," सगळे म्हणाले. आणि मग थांबेनात. आवाजाला हेल आला, माना डोलायला लागल्या. वेलिंग्टनच्या कचेऱ्यांत कॉम्प्युटर सांभाळणारी माणसं मनानं पुन्हा सतरंजीवर मांडी घालून बसली. खडूची धूळ, डब्यातल्या लोणच्याचा वास, घंटेकडे लागलेले कान. मोरेश्वर डोळे मिटून ठेका धरत होते. असा वर्ग त्यांना निवृत्तीनंतर पहिल्यांदाच मिळाला होता.

एकोणतिसाच्या पाढ्यात गाडी अडली. एकोणतीस साते दोनशे तीन, त्यापुढे शांतता. अध्यक्षांनाही आठवेना. बाई अजून हसतच होत्या.

"एकोणतीस आठे दोनशे बत्तीस," सिद्धी म्हणाली. सगळे वळले. "आजोबा, तुम्ही रोज दाढी करताना म्हणता की."

मोरेश्वरांनी चष्मा काढून पुसला.

"बघा, शाळा न उघडताच बोलली," विभावरी हळूच म्हणाली.

त्यांना ते ऐकूच गेलं नाही. "व्हेरी गुड," ते म्हणाले. "व्हेरी, व्हेरी गुड."

सिद्धीनं उरलेली चकली खाली ठेवली.

"आजोबा," ती म्हणाली, "उभे राहा."