सासरेबुवांचं टेबल काही हलेना

घरातली सगळ्यात मोठी, दोन खिडक्यांची, हवेशीर खोली कोणाची? तर काठीने बॉल मारायच्या पूल टेबलाची. माणसं आपली उरलेल्या दोन खोल्यांत अंग चोरून राहत होती. त्यातल्या एकीत मुलगी आणि घरजावई, आणि मुलीचे दिवस भरत आलेले. पाळणा ठेवायचा तर कपाट सरकवावं लागणार, आणि कपाट सरकवलं की दार उघडणार नाही. म्हणजे बाळाला आत ठेवायचं तर आईबापांनी बाहेर राहायचं.

"बाबा, ते टेबल विका ना आता," मुलगी म्हणाली.

सासरेबुवा वजनमापं तपासणाऱ्या खात्यातून निवृत्त झालेले. कोणत्याही दुकानदाराला त्यांनी कधी रतीभर सूट दिली नव्हती, ती पोटच्या पोरीला काय देणार!

"विकतो की! मला ह्या टेबलावर कुणीतरी हरवून दाखवा. हरलो की त्याच दिवशी टेबल बाहेर. तोवर जागचं हलणार नाही. शब्द म्हणजे शब्द!"

बोलायला काय जातंय? त्या टेबलावर त्यांना हरवणं म्हणजे वाळूतून तेल काढणं होतं. साध्या टेबलाच्या पॉकेटाला, म्हणजे बॉल पडायच्या भोकाला, दोन बॉल शेजारी-शेजारी मावतील एवढं तोंड असतं. सासरेबुवांनी कडांना आतून रबराच्या पट्ट्या चिकटवून ते इतकं आवळलं होतं की एकच बॉल कसाबसा जाई, तोही हळू मारला तर. जोरात मारलेला बॉल पॉकेटाचे दोन्ही जबडे खडखडवून परत येई. हळू खेळायची सवय एकट्या सासरेबुवांना. जावई तर बॉलला जन्मोजन्मीचं वैर असल्यासारखा हाणायचा. भरीस भर म्हणजे बॉल पडल्याचा ठक्क आवाज दुपारच्या झोपेत नको म्हणून सासूबाईंनी प्रत्येक पॉकेटाच्या तळाशी जुने मोजे कोंबले होते. त्यामुळे पॉकेटं झाली उथळ. फार बॉल साठले की वरचा टुणकन उडी मारून टेबलावर हजर! "बाहेर आला, म्हणजे गेलाच नाही," असा सासरेबुवांचा नियम होता.

सामना रविवारी ठरला. तोवर टेबलाला कुणी हात लावायचा नाही म्हणून त्यावर चादर पडली. आता चादरीखाली काय चाललंय हे कुणाला दिसतंय?

जावई दातांचा डॉक्टर. सासूसासरे फिरायला गेल्याचं बघून त्याने दवाखान्यातलं घासायचं यंत्र आणलं, चादरीचा एकेक कोपरा उचलला आणि सहाही पॉकेटांच्या जबड्यांवर उपचार केले. रबर घासलं, कडा घासल्या. पेशंट ओरडत नाही याचं त्याला फार समाधान वाटलं.

मुलीचं फोटोफ्रेमचं दुकान. नवऱ्यावर प्रेम होतं, पण त्याच्या नेमावर काडीचा विश्वास नव्हता. "हा माणूस टूथपेस्टचं झाकण नेम धरून कचऱ्याच्या बादलीत टाकू शकत नाही," ती स्वतःशीच म्हणाली, आणि पोट सांभाळत तिने दुकानातल्या करवतीने पॉकेटांच्या कडा तिरक्या कापून तोंडं अशी पसरवली की बॉल चुकूनही चुकू नये.

सासूबाईंनाही नातवंडासाठी खोली हवी होती. त्यांनी किसणी घेतली. पॉकेटाच्या तोंडाशी जी सपाट जागा असते, जिथे बॉल पडू की नको करत अडून बसतो, ती त्यांनी किसकिसून उतरती केली. किसणी धुऊन जागेवर ठेवली. त्या रात्रीच्या काकडीला लाकडाचा वास येत होता, पण कुणी काही बोललं नाही.

बोलणार कसं? चोराच्या मनात चांदणं! चादर उचलल्यावर पॉकेट जरा मोठं प्रत्येकालाच वाटलं होतं. पण विचारायची सोय कुणालाच नव्हती.

रविवारी चादर निघाली. सहा पॉकेटं सहा जांभया दिल्यासारखी आ वासून बसली होती. जावयाने छताकडे पाहिलं. मुलीने नखांकडे. सासूबाई चहा टाकायला उठल्या. आणि सासरेबुवांनी, मिलिमीटरसाठी भांडणाऱ्या माणसाने, नुसता चष्मा पुसला.

"व्हा पुढं, जावईबापू!"

जावयाने हाणला. रंगीत बॉल धडाधड पडले आणि त्यांच्यामागोमाग, ज्याने बाकीच्यांना मारायचं, तो पांढराही गेला.

"पांढरा गेला. माझी पाळी," म्हणत सासरेबुवांनी हलकेच टिचकी मारली. दोन रंगीत पडले, पांढरा घरंगळत गेला आणि तोही पडला.

मग जे सुरू झालं त्याला खेळ म्हणायचं की गळती, तुम्हीच ठरवा. जिकडे मारावं तिकडे पॉकेट! पांढरा जाई, बाहेर काढावा, पुन्हा जाई. सासूबाईंनी बशी ठेवताना टेबलाला धक्का लागला तर तेवढ्यावरही एक पडला.

"अहो, आता तो कुणाचा धरायचा?"

"तुझा!" सासरेबुवा खेकसले.

काळा तेवढा मधोमध उभा होता. तो आपले सगळे बॉल संपायच्या आत ज्याच्या हातून पडेल तो हरला. आणि अहो आश्चर्य! आपले बॉल बाकी असताना सासरेबुवांनी सरळ काळ्यावरच नेम धरला.

"बाबा, तो काळा आहे!"

"दिसतंय मला!"

काळा गेला थेट कोपऱ्यात. जावयाने श्वास रोखला, मुलीने डोळे मिटले. पण ते पॉकेट मोज्यांनी आणि बॉलनी काठोकाठ भरलेलं. काळा त्यांच्यावर आपटला आणि टुणकन बाहेर! उतरणीच्या जरा अलीकडे येऊन थांबला. नियम त्यांचाच. गेलाच नाही!

"कुणी कोंबले हे मोजे?" सासरेबुवा कळवळून म्हणाले. माणूस जिंकता जिंकता हरला की असा कळवळतो, पण हे तर हरता हरता वाचले होते.

आता जावयाची पाळी. आयुष्यात पहिल्यांदा त्याने हळू मारायचं ठरवलं. अगदी हळू मारला. पांढरा त्याच्या एका उरलेल्या रंगीत बॉलला लागला, तिथून कडेला लागला आणि रमतगमत काळ्याला जाऊन टेकला. काळा सासूबाईंच्या मेहनतीला जागला, उतरणीवरून घरंगळला आणि मघाच्या दणक्याने खाली दबलेल्या बॉलवर, दोन मोज्यांच्या फटीत जाऊन बसला. बाहेर आलाच नाही.

"हरलास," मुलगी म्हणाली आणि रडूच लागली.

सासरेबुवा खुर्चीत धपकन बसले. "मी दोनच मिलिमीटर वाढवली होती," ते पुटपुटले. "एवढी कशी झाली?"

"तुम्ही?" तिघंही एकदम ओरडले.

"मग काय करू? कंबर मोडते माझी वाकून वाकून! नातवंड तिकडे कपाटामागे झोपवायचं का? पण शब्द देऊन बसलो होतो. म्हटलं, हरावं गुपचूप."

मग किसणी, यंत्र, करवत सगळं बाहेर आलं. "अहो, मग आता टाका ना टेबल!" सासूबाई म्हणाल्या. पण छे! "हरलो असतो तर टाकलं असतं. जिंकलोय. शब्द म्हणजे शब्द."

पोर जन्माला आली, गोड मुलगी. ठेवायची कुठे? सासूबाईंनी टेबलावर गादी घातली. चारी बाजूंनी कठडा आयताच! एका पॉकेटात बाटली, एकात पावडर, एकात लंगोट. पण पोर लोळायला लागली आणि एका सकाळी तिचा पाय गुडघ्यापर्यंत पॉकेटात गेला. तिच्या किंकाळीसरशी चौघं धावले. या वेळी चोरून काही नाही. जावयाने दातांचं प्लास्टर ओतलं, मुलीने फळ्या बसवल्या, सासूबाईंनी वरून कापड शिवलं, सासरेबुवांनी मोजमाप घेतलं. सहाही पॉकेटं बंद!

सासरेबुवांनी कोपऱ्यातली खेळायची काठी घेतली, टोकाला खुळखुळा बांधला आणि नातीसमोर धरला. "चल, हरव बघू आजोबांना!"

नातीने पाय झाडला. आजोबांचा चष्मा उडून खिडकीपाशी जाऊन पडला.

"हरलो!" सासरेबुवा आनंदाने ओरडले. "ह्याच टेबलावर हरलो! बघितलंत ना सगळ्यांनी?"

"बघितलं," सासूबाई म्हणाल्या. "मग बोलावू का हमाल?"

"वेड लागलंय का तुला?" सासरेबुवा दोन्ही हात पसरून टेबलाला आडवे झाले. "पोर झोपेल कुठं?"