थर्ड शिफ्टची झोप

प्रणिताने पेणच्या मामाच्या गणपतीच्या कारखान्याचं दार लोटलं, तर समोर फळीवरून तिचे बाबा टक्क डोळे उघडे ठेवून तिच्याकडे बघत होते. खरं तर ते झोपलेले असायला हवे होते. गेल्या आठवड्यात तिने त्यांना इथे ठेवलं तेव्हा ते खुर्चीत मान टाकून, तोंड अर्धवट उघडं ठेवून, मांडीवर कंपनीचं हेल्मेट घेऊन गाढ झोपले होते आणि नखशिखांत पांढरे होते. आता त्यांच्या अंगाला गणपतीचा तो नेहमीचा गुलाबीसर रंग लागला होता, कंपनीची पँट पिवळीधमक झाली होती, हेल्मेटला सोनेरी कड आली होती. आणि जिथे मिटलेल्या पापण्या होत्या तिथे दोन पाणीदार, प्रसन्न डोळे भक्तांना अभय देत होते.

हे बाबा अर्थात प्लास्टरचे, हात-दीड हात उंचीचे, वाळायला इथे ठेवलेले. खरे बाबा त्या वेळी धाटावला कंपनीत पहिल्या पाळीवर होते. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला मुंबईच्या कला महाविद्यालयात प्रणिताची शिल्पकलेच्या मास्टर्ससाठी मुलाखत होती, आणि स्वतः घडवलेलं एक शिल्प सोबत आणा असं कॉलेजने कळवलं होतं. ते शिल्प म्हणजे हेच. नाव होतं ‘थर्ड शिफ्ट’.

या मुलाखतीपर्यंत येताना रोह्याजवळच्या वरशातल्या तिच्या घराने फार सोसलं होतं. पहिल्या कॉलेजने नकार कळवताना इतकी स्तुती केली होती की आईला वाटलं प्रवेश मिळाला, आणि तिने शेजारी पेढे वाटले. ते परत मागता येईनात, म्हणून पेढे कशाचे हे पुढे कोणी विचारलं की आई विषय बदलायची. दुसऱ्या कॉलेजने वेटिंगवर टाकलं. बाबांनी कोकण रेल्वेच्या अनुभवावरून सांगितलं की वेटिंग होतं कन्फर्म, शेवटपर्यंत धीर सोडायचा नाही. ते काही झालं नाही. प्रणिता एक दिवस जेवली नाही, दुसऱ्या दिवशी दोन दिवसांचं जेवली. आता उरलं होतं हे एकच दार. ते बंद झालं तर वर्ष गेलं, आणि धाटावच्या एका ऑफिसात कॉम्प्युटरवर बसायची नोकरी तिच्यासाठी काकांनी बघूनच ठेवली होती.

‘‘काय गो, कसं वाटलं?’’ मामा हात पुसत पुढे आला. मामाचं नाव महिपती, पण पेणमध्ये त्याला डोळेवाला म्हणूनच ओळखत. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी त्याच्याकडून करून घ्यायला दुसऱ्या कारखान्यांतली माणसं हातापाया पडत. ‘‘आखणी मी स्वतः केली. गणपती बाजूला ठेवले आणि आधी दाजींचे डोळे केले. भाचीचं काम हाय, दुसऱ्याच्या हातात कसं देणार?’’

प्रणिताच्या पायाखालची जमीन सरकली. पण मामाच्या चेहऱ्यावर असा काही आनंद होता की तिच्या तोंडून भलतंच निघालं.

‘‘छान झालंय, मामा.’’

आणि इथेच ती फसली. छान झालंय म्हटल्यावर आता ते पुसून टाक असं कोणत्या तोंडाने सांगणार? तिने कारखान्यात दोन चकरा मारल्या. चहूबाजूंनी गणपतीच गणपती, कोणी कोरे, कोणी अर्धे रंगलेले, आणि त्यांच्यात आपले बाबा पितांबर नेसून बसलेले. शेवटी तिने सगळा दोष परीक्षकांच्या माथी मारला. त्यांना म्हणे रंगवलेलं काम चालत नाही, नियमच आहे. मामाला नवल वाटलं. रंग न चालणाऱ्या लोकांकडे पोर दोन वर्षं काय शिकणार, अशी शंकाही त्याने बोलून दाखवली. पण नियम म्हटला की मामा नमायचा. त्याने रंगकाम करणाऱ्या जनूला हाक मारली. जनूने कालच ज्या हाताने रंग दिला होता, त्याच हाताने आज पॉलिश पेपर घेऊन तो घासायला सुरुवात केली, आणि पांढऱ्या धुळीचा लोट उठला.

रंग जाणार होता, पण डोळे जाणार नव्हते. मामाने नुसते रंगवले नव्हते, पापण्या कोरून सपाट केल्या होत्या. तिथे नवं प्लास्टर चढवून पापण्या पुन्हा घडवायला हव्या होत्या.

‘‘ते काम मला नको सांगू,’’ मामा म्हणाला. ‘‘एवढ्या वर्षांत मी डोळे उघडत आलो. मिटायचं पाप माझ्या हातून नाय व्हायचं. तू कर, मी बघणार नाय.’’

‘‘पण मामा, तुला हे करायला सांगितलं कोणी?’’

मामा एकदम एका उंदराच्या मिशा रंगवण्यात गुंतला.

पापण्या घडवायच्या म्हणजे बघून घडवायला हव्या. मूळ शिल्प तिने महिनाभर बाबांना झोपेत न्याहाळून केलं होतं, पण हाताला ते नेमकं आठवेना. तिने फोन केला. बाबा पाळी संपवून थेट पेणला आले, आणि आल्या आल्या अर्ध्या गुलाबी, अर्ध्या पांढऱ्या अशा स्वतःसमोर आरशापुढे उभं राहावं तसे उभे राहिले. शिल्प कोणा कामगाराचं आहे एवढंच त्यांना माहीत होतं. तो कामगार आपणच, हे आता डोळे उघडल्यावर कळलं. त्यांनी केसांवरून हात फिरवला.

‘‘रंग ठेवला असतास तर काय बिघडलं असतं? हळदीलापण मी एवढा उजळलो नव्हतो.’’

‘‘बाबा, तुम्ही फक्त इथं खुर्चीवर बसा आणि झोपा.’’

हे काम सोपं वाटलं होतं, कारण बाबा कुठेही झोपत. कंपनीच्या बसमध्ये झोपत. मेव्हणीच्या साखरपुड्यात पाटावर झोपले होते. एकदा तर दाताच्या डॉक्टरकडे तोंड उघडलेल्या अवस्थेत घोरायला लागले होते. पण आज जनू बघतोय, कामावरच्या बायका बघताहेत, पोरगी हातात प्लास्टरचं घमेलं घेऊन पापणीवर डोळा ठेवून उभी आहे, म्हटल्यावर त्या माणसाची झोप पार उडाली. त्यांनी डोळे मिटले ते औषधाचा थेंब टाकल्यासारखे घट्ट. सैल सोडा म्हटलं की हसू येई. घोरून बघतो म्हणाले, तर सगळा कारखानाच हसायला लागला. घमेल्यातलं प्लास्टर तेवढ्यात आळलं, ते फेकून तिने नवं कालवलं. तेही आळलं. प्रणिताला रडू फुटायची वेळ आली. ज्या माणसाच्या झोपेवर तिने अख्खं आयुष्य टांगलं होतं, तो आज ऐन वेळी जागा होता.

शेवटी मामाने खुर्ची जवळ ओढली आणि भाऊबंदांच्या जागेच्या वादाची हकिगत दाजींना पहिल्यापासून सांगायला घेतली. पहिला भाऊ कोर्टात पोचायच्या आत बाबांची मान कलली. तोंड उघडलं. हात मांडीवरच्या हेल्मेटवरून घसरला. तीच पापणी, तिच्याखालची तीच सुरकुती. प्रणिताचे हात चालायला लागले. मामा न थांबता बोलत राहिला, जनू घासत राहिला, आणि कोपऱ्यातल्या पंख्याने ती सगळी पांढरी धूळ हळूहळू बाबांच्या केसांवर, भुवयांवर, उघड्या तोंडावर आणून बसवली. उजवा डोळा मिटला. मूळच्यापेक्षाही सरस झाला. ती डाव्याकडे वळणार, एवढ्यात दार उघडलं.

दारात आई होती. मुलाखतीला जाणाऱ्या लेकीसाठी दह्याचा डबा आणि घालायचा ड्रेस घेऊन ती रोह्याहून आली होती. तिने समोर पाहिलं. नवरा खुर्चीत मान टाकून, पांढराफटक, निश्चल. डबा तिच्या हातातून पडला.

‘‘अहो!’’

ती अशी धावली की मामा खुर्चीसकट मागे सरकला. तिने बाबांना दोन्ही खांद्यांना धरून गदागदा हलवलं. बाबा दचकून उठले, शिंकले, आणि सवयीने आपलं पंचिंगचं कार्ड चाचपायला लागले. आई मटकन खाली बसली.

मग सगळं बाहेर आलं. आदल्या आठवड्यात आई माहेरी आली होती. फळीवर नवरा दिसला, पांढरा, डोळे मिटलेला. तिनेच भावाचे हात धरले होते, की काहीही कर पण यांचे डोळे उघड.

‘‘तुला सांगायला हवं होतं,’’ आई प्रणिताला म्हणाली. ‘‘पण तू बोलली असतीस, आई तुला कला कळत नाय. नाय कळत. लगीन झाल्यापासून ते थर्ड शिफ्टला गेले की मी जागी असते. अवेळी कंपनीचा भोंगा वाजला की दारात जाऊन उभी राहते. सकाळी येऊन झोपले की नाकाशी बोट धरून बघते. त्यांचे मिटलेले डोळे मला बघवत नाय गो.’’

बाबा खाली मान घालून शर्टावरची धूळ झटकत बसले. नाकाशी बोट धरलं जातं हे त्यांना आजच कळलं होतं. प्रणिताच्या हातात ओलं प्लास्टर होतं, आणि डाव्या डोळ्याला हात लावायची तिची हिंमत होत नव्हती. ते प्लास्टरही आळलं. या खेपेला तिने नवं कालवलं नाही.

दुसऱ्या दिवशी मामाच्या टेम्पोतून, भाताच्या पेंढ्यात बसून ‘थर्ड शिफ्ट’ मुंबईला निघालं. सगळं अंग पांढरं, उजवा डोळा मिटलेला, डावा मामाच्या हातचा टक्क उघडा. दिसायला बाबा कोणाला तरी डोळा मारताहेत असं दिसत होतं. सुट्टी मिळत नव्हती म्हणून बाबांनी पाळी बदलून रात्रपाळी केली होती आणि तसेच येऊन टेम्पोत चढले होते. उरलेला डोळा वाटेत कोणी मिटू नये म्हणून आईही आली होती.

मुलाखतीला समोर तिघं होते. रस्त्याला लागल्यापासून प्रणिताने श्रम, शरीर आणि काळ यांच्यावर तीन भारदस्त वाक्यं घोकली होती. चष्मा लावलेल्या मॅडम शिल्पाभोवती एक फेरी मारून समोर थांबल्या.

‘‘हा एकच डोळा उघडा का?’’

भारदस्त वाक्यं आली तशी गेली. ‘‘आईने मिटू दिला नाही,’’ प्रणिता म्हणाली, आणि असं उत्तर दिल्याबद्दल तिला स्वतःला चार लगावाव्यात असं वाटलं. मॅडमनी मान हलवली. बाजूच्या सरांनी कागदावर काहीतरी लिहिलं. दुपारी नावं सांगू, बाहेर थांबा, असं म्हणून त्यांनी तिला वाटेला लावलं. खेळ संपला, धाटावची खुर्ची आपली वाट बघतेय, हे ओळखून ती बाहेर आली.

व्हरांड्यात बाकावर बाबा झोपले होते. मान कललेली, तोंड उघडं, मांडीवर हेल्मेटऐवजी डब्याची पिशवी. भोवती मुलाखतीला आलेली पोरं भिंतीला टेकून मुकाट उभी होती, कारण आई बाकाच्या कडेला बसून प्रत्येकाला ओठांवर बोट ठेवून गप्प करत होती. प्रणिताने तोंड उघडलं, तिलाही बोट दाखवण्यात आलं.

‘‘झोपू दे,’’ आई कुजबुजली. ‘‘मी बघतेय त्यांच्याकडं.’’

प्रणिता आईच्या पायाशी जमिनीवर बसली. तिला रडायचं होतं, पण आवाज न करता रडणं जमेना, तेव्हा तो बेत तिने रहित केला. दुपार सरली. मग आतून शिपाई आला, हातात कागद आणि गळ्यात भोंगा बसवल्यासारखा आवाज.

‘‘शिल्पकलेची नावं ऐका,’’ त्याने सुरुवात केली, आणि आई ताडकन उठली.

‘‘हळू बोला की जरा. रात्रपाळी करून आलेत.’’

शिपायाने बाकाकडे पाहिलं. मग त्या धिप्पाड माणसाने चपला काढल्या, चवड्यांवर चालत एकेका उमेदवाराजवळ जाऊन कानात सांगायला सुरुवात केली. कोणाचा चेहरा पडला, कोणाचा फुलला, पण हूं की चूं नाही. प्रणिताजवळ तो सर्वांत शेवटी आला.

‘‘पहिलं नाव तुमचंच हाय, ताई,’’ तो कुजबुजला.

प्रणिताने ओढणीचा बोळा तोंडात कोंबला. आईने तिचा हात असा दाबला की बांगडी वाकली. मघाच्या मॅडम दारात आल्या होत्या. त्यांनी बाकावरच्या बाबांकडे बराच वेळ पाहिलं, मग आईजवळ येऊन हलकेच विचारलं, आता दुसरा डोळा मिटायला हरकत नाही ना?

आईने थोडा विचार केला.

‘‘नको,’’ ती पुटपुटली. ‘‘तो माझा हाय. कोणीतरी जागं राहायला पायजे ना.’’

एव्हाना व्हरांड्यातल्या सगळ्यांना प्रणिताची बातमी कळली होती. कळली नव्हती ती फक्त बाबांना, आणि त्यांना उठवायची कोणाची प्राज्ञा नव्हती.