लघुत्तम दराचे दांडे

लेकीचं टेबल गाडीच्या टपावर बांधून न्यायचं, असा ठराव घरात एकमताने मंजूर झाला. एकमताने म्हणजे साहेबांनी मत दिलं आणि उरलेल्या दोघी त्या वेळी स्वयंपाकघरात होत्या. साहेब एका मोठ्या कार्यालयात खरेदी विभागाचे प्रमुख होते. तीन ठिकाणचे दर मागवून त्यांतला सर्वांत कमी दर स्वीकारल्याशिवाय त्यांनी आयुष्यात टाचणीसुद्धा घेतली नव्हती. कार्यालयातला पाण्याचा पंप बसवल्या दिवसापासून बंद होता, पण त्याची खरेदी निर्दोष होती.

लेकीला दुसऱ्या शहरात नोकरी लागली होती. शाळेपासूनचं टेबल तिला तिथे हवं होतं.

"अहो, टेम्पो सांगा आणि मोकळे व्हा," बायको म्हणाली.

"टेम्पोने टेबल जाईल गं. मग आपण कशाला जायचं?" साहेब म्हणाले आणि खरी गोष्ट गिळून टाकली.

खरी गोष्ट अशी होती, की लेक लहान असताना याच टेबलाच्या एका बाजूला ती गणितं सोडवायची, दुसऱ्या बाजूला साहेब फायली उपसायचे, आणि दोघांच्या गप्पांना खळ नसायचा. पुढे त्या कधी आटल्या, कळलंच नाही. आता दोघांतलं बोलणं 'जेवलीस का' आणि 'माझा चार्जर कुठाय' यावर येऊन ठेपलं होतं. तीन तासांचा रस्ता, शेजारच्या सीटवर लेक, उठून आपल्या खोलीत निघून जायची सोय नाही. अशी संधी पुन्हा येणार नव्हती, आणि त्यासाठी टपावर बसवायचे दोन दांडे तातडीने खरेदी करणं आवश्यक होतं.

तांत्रिक छाननी सुरू झाली. साहेबांच्या गाडीसाठीच बनवलेले दांडे फेटाळण्यात आले, कारण ते एकाच गाडीला बसत होते. दुसऱ्या प्रकाराला कुलूप होतं, त्याअर्थी तो महाग असणार. उरले ते 'सर्व गाड्यांना बसणारे' दांडे. एखादी गोष्ट सर्वांची आहे म्हटलं की ती कोणाचीच नसते, हे साहेबांना तीस वर्षांच्या नोकरीत पुरतं कळलं होतं. पण दर लघुत्तम होता.

तरीही जाणकाराचं मत घ्यायचं म्हणून ते खालच्या मजल्यावरच्या मास्तरांकडे गेले. मास्तरांच्या गाडीवर हेच दांडे दोन वर्षं दिमाखात उभे होते.

"कसे आहेत हो, मास्तर?"

मास्तरांनी क्षणभर टपाकडे पाहिलं. "उत्तम. डोळे झाकून घ्या."

मास्तरांची मुलं नेहमी पुढच्या दारातून चढून, सीट ओलांडून मागे जात. त्या घरातल्या शिस्तीचं साहेबांना मनापासून कौतुक वाटलं.

दांडे आले. सूचनापत्रकात शब्द एकही नव्हता, नुसती चित्रं होती. चौथ्या चित्रापर्यंत एक माणूस हसत दांडा बसवत होता. पाचव्या चित्रात दांडा बसलेला होता आणि माणूस नव्हता. पुढचा दांडा कुरकुरत का होईना, बसला. मागच्या दांड्याचे आकडे दाराच्या फटीत अडकवल्यावर दारं लागेनात. साहेबांनी खांदा लावला. दारं लागली. नंतर ती उघडेनात. बोल्ट सैल करायला गेले, तर सोबत आलेल्या किल्लीचे कोपरे झिजून ती गोल झाली होती, आणि बोल्टमध्ये नुसतीच फिरत होती.

"बाबा, मागची दारं उघडत नाहीयेत."

"त्यांचं कामकाज तूर्त स्थगित आहे."

आता टेबलाचं वजन. खोक्यावर भलामोठा आकडा छापला होता आणि त्याच्या डोक्यावर एक बारीक चांदणी होती. चांदणीचा अर्थ तळाशी दिला होता, त्या आकड्यातून दांड्यांचं वजन वजा करायचं आणि उरेल त्याचं निम्मं धरायचं. साहेबांनी हिशेब मांडला. टेबलाची फळी आणि तीन पाय नियमात बसत होते. चौथा पाय नियमबाह्य ठरला.

"मग एक पाय मी मांडीवर घेते," लेक हसू दाबत म्हणाली.

साहेबांनी प्रस्ताव गुणवत्तेवर तपासला आणि तत्काळ पाय काढला. तिघांनी मिळून टेबल वर चढवलं. ते टेकताच मागचा दांडा, वरिष्ठ समोर आल्यासारखा, कमरेत वाकला आणि थेट टपाला टेकला.

"आता तरी सांगू का टेम्पो?" बायकोने विचारलं. तिने तो सकाळीच सांगून ठेवला होता. साहेबांनी कार्योत्तर मंजुरी दिली.

टेम्पोवाला आला, टेबल टेम्पोत चढलं, आणि वरिष्ठांची पाठ वळावी तसा ओझं उतरताच मागचा दांडा पुन्हा ताठ झाला. पण निघताना तो म्हणाला, "मालाबरोबर घरचं एक माणूस लागतं, साहेब. वाटेत कुणी अडवलं तर विचारतात."

बायकोचे गुडघे टेम्पोत चढण्याजोगे नव्हते. गाडी साहेबांशिवाय कोणाला चालवता येत नव्हती. साहेबांनी बराच वेळ पळवाट शोधली. पण दुसऱ्यांच्या पळवाटा बुजवण्यात त्यांची उभी हयात गेली होती. लेक उडी मारून टेम्पोवाल्याशेजारी जाऊन बसली.

गाडीने वेग घेतला तसे रिकामे दांडे शिट्टी वाजवू लागले. बायको शेजारी बसून तीन तास काहीतरी बोलत होती, त्यातलं साहेबांना एक अक्षरही ऐकू आलं नाही. दांड्यांचा गुण म्हणावा असा तेवढा एकच. पुढे टेम्पोच्या खिडकीत लेकीचा हात दिसत होता. बोलताना हातवारे करायची तिची लहानपणापासूनची सवय. हात सारखा हलत होता.

नव्या घरापाशी ती उतरली ती खुशीत. "बाबा, काका काय भारी गप्पा मारतात! माझं तर सगळं सांगून झालं. नोकरीची किती धास्ती वाटतेय, तेसुद्धा."

"तुला धास्ती वाटतेय?"

"मग! महिनाभर झोप नाही."

"मला नाही बोललीस ते?"

"तुम्हाला कधी सांगणार? तुम्ही दांड्यांत होतात."

साहेबांना वाईट वाटलं. गाडीत राहिलेला टेबलाचा चौथा पाय त्यांनी बाहेर काढून हातात धरला.

तेवढ्यात त्या इमारतीतले एक गृहस्थ गाडीभोवती फेरी मारून आले. "दांडे झकास दिसतात हो. स्वस्तातले ना? आम्हालाही घ्यायचेत. कसे आहेत?"

साहेबांनी क्षणभर टपाकडे पाहिलं. खरं सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं, टेबलापासून. मास्तरांची मुलं सीट ओलांडून मागे का जातात, हेही त्याच क्षणी त्यांना कळलं.

"उत्तम," साहेब म्हणाले. "डोळे झाकून घ्या."

हसताय? तुमच्या माळ्यावर पडलेल्या त्या स्वस्तातल्या वस्तूबद्दल शेजाऱ्याने विचारलं होतं, तेव्हा तुम्ही काय सांगितलंत, ते जरा आठवा. त्याने ती घेतली आहे.