सहाशे डोळ्यांपुढे आत्याचा गालिचा

हातमागावरचे गालिचे जगात कसे खपवायचे, हे आमच्या ॲटलासच्या डोंगरात एकाच माणसाला कळतं. तो म्हणजे मी, मोहा! इत्तोआत्यालाही मी हे ठणकावून सांगितलं.

आत्याने हिवाळाभर खपून लालभडक गालिचा विणला होता. बाजारातला व्यापारी त्याला घोंगडीचा भाव देत होता. आत्या जाम वैतागली. "याला नीट गिऱ्हाईक मिळालं नाही, तर माग मोडून चुलीत घालते!" म्हणाली. आत्या बोलते तसं करते, म्हणून मी लगेच मोबाईल काढला.

"आत्या, मोबाईलवर थेट दाखवू! तू नुसती हसत बस."

मोबाईल उभा केला, खाली आत्याचं नाव नि फोन नंबर टाकला आणि मी सुरू झालो. "बघा, काय रंग! काय वीण! असा गालिचा अख्ख्या मोरोक्कोत सापडायचा नाही!"

"मेल्या, कौतुकाआधी 'तबारकल्ला' म्हणून देवाचं नाव घे! दृष्ट लावतोस का?" आत्या ओरडली. "किती जण बघतायत?"

"तीनशे!" मी छाती फुगवून सांगितलं.

"म्हणजे सहाशे डोळे!" आत्या गालिच्यापुढे आडवी झाली. "बायांनो, याचं काही ऐकू नका! गालिचा तिरका आहे. लोकर म्हाताऱ्या मेंढीची. आमचं खेचरसुद्धा यावर बसत नाही!"

मी हात जोडून खुणा करतोय, तेवढ्यात शेजारची तूदा चहाची किटली घेऊन आली. मैत्रिणीच्या मालाला दृष्ट लागतेय म्हटल्यावर ती मागे कशी राहील?

"खरंय!" तूदा म्हणाली. "आणि रंग तर करपलेल्या रश्शासारखा!"

आत्या गर्रकन वळली. "तूदा! माझ्या रंगाला नावं ठेवतेस?"

"अगं, तूच ठेवत होतीस ना!"

"मी ठेवीन! गालिचा माझा आहे! तुझ्या विणीतून तर बकरी आरपार जाते!"

झालं! दोघींची जुंपली. भांडता भांडता आत्याने दृष्टीवर उतारा म्हणून निखाऱ्यांवर हरमलच्या बिया टाकल्या. धुरात गालिचा दिसेना, आत्या दिसेना, मी खोकून बेजार. आता माग चुलीत जाणार, या विचाराने मला रडूच कोसळलं.

तेवढ्यात फोन वाजला. रबातमध्ये दुकान चालवणाऱ्या तामूबाई बोलत होत्या.

"इत्तोताई, गालिचा माझा! भाव तुम्ही म्हणाल तो! माझी आजीही डोंगरातलीच. वस्तू जितकी देखणी, तितक्या तिला शिव्या घालायची. तुमच्या शिव्या ऐकून तर मी खुर्चीतून उठलेच! मागावर दुसरा चढवा."

आत्याने डोक्याच्या रुमालाने डोळे पुसले. "आणि तो खोकणारा पोरगा कोण?" बाईंनी विचारलं.

"भाचा माझा. आळशी, बडबड्या, काडीच्या कामाचा नाही."

माझा ऊर भरून आला. एवढी माया! फोन ठेवल्यावर मी हळूच म्हटलं, "आत्या, मला दृष्ट लागू नये म्हणूनच म्हणालीस ना?"

आत्या मागावर नवे धागे ताणायला बसली होती. "छे रे! तुला कसली दृष्ट लागायची? तुझं मी खरं तेच सांगितलं."